सेंट डन्स्टन्स : अंध सैनिकांची शाळा

१९१६ च्या जुलै महिन्यांत फ्रान्समधील सोम नदीच्या रणांगणावर इयन फ्रेझर नांवाच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्यास गोळी लागली आणि त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. वयाचीं एकोणीस वर्षेंही त्यानें पुरीं केलीं नव्हतीं. पुढें लंडनच्या इस्पितळांत तो पडून असतां एके दिवशीं एक तरुण स्त्री त्याच्या खाटेपाशीं आली. सर आर्थर पिअर्सन ह्या गृहस्थांचें पत्र तिनें आणिलें होतें. आणि त्यासोबत खिशांत ठेवावयाचें एक घड्याळ तिनें त्याच्या हातीं दिलें. ह्या घड्याळाची कांच उघडतां येई. तबकडीवर उठावाचे ठिपके होते. बोटाच्या टोंकानें कांटे चांचपून पाहिले म्हणजे किती वाजले हें कोणालाही न विचारतां समजे.

देणगी म्हणून पाहूं गेलें तर ही वस्तु क्षुल्लक होय. परंतु डोळे बांधलेला माणूस खाटेवर पडला म्हणजे त्याच्या लेखीं दिवस आणि रात्र यांत भेद राहत नाहीं. झोंप मोडली तर पहाट झाली कीं नुकतीच मध्यरात्र उलटली हें त्याला कळत नाहीं, आणि दर वेळीं परिचारिकेस हांक मारण्याची त्याला लाज वाटूं लागते. ही अडचण डोळस दात्याच्या ध्यानीं येणें कठीण. पिअर्सन यांच्या ध्यानीं ती आली, कारण ते स्वतः अंध होते. त्यांनीं लंडनमध्यें काढलेल्या सेंट डन्स्टन्स ह्या संस्थेची कित्येक सैनिकांस पहिली ओळख झाली ती अशा घड्याळानेंच.

युद्धांत जायबंदी झालेल्या शिपायाविषयीं राज्यकर्त्यांना पूर्वीं कांहींच वाटत नव्हतें असें नाहीं. प्रतापगडच्या युद्धानंतर शिवाजी महाराजांनीं जखमी लोकांना, जखम पाहून, दोनशे होनांपासून पंचवीस होनांपर्यंत बक्षीस दिल्याचें सभासदानें आपल्या बखरींत नमूद केलें आहे. लढाईंत पडलेल्यांच्या कुटुंबांना पुढें पेशवाईंत बालपरवेशी मिळत असे. पॅरिसमध्यें चौदाव्या लुईनें जखमी व वृद्ध सैनिकांसाठीं बांधविलेलें भव्य वसतिगृह आजही उभें आहे. त्याचें पाहून इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनें १६८२ सालीं चेल्सी येथें तसेंच गृह उभारण्यास आरंभ केला. त्याच पॅरिस शहरांत तेराव्या शतकांत नवव्या लुईनें तीनशे अंधांसाठीं एक आश्रम स्थापिला होता. शत्रूनें डोळे काढलेल्या धर्मयोद्ध्यांकरितां तो काढला अशी एक आख्यायिका चालत आली आहे. इतिहाससंशोधक मात्र ती मानीत नाहींत, आणि आश्रम शहरांतील गरीब अंधांसाठीं होता असें म्हणतात. लोकांना ती गोष्ट खरी वाटावी हेंच खरोखर अर्थपूर्ण आहे.

ह्या साऱ्या व्यवस्थांत एक गोष्ट समान होती. अन्न, वस्त्र, निवारा किंवा रोख रक्कम देऊन राज्यानें आपलें ऋण फेडावयाचें आणि शिपायानें उरलेले दिवस काढावयाचे. त्याचे हातपाय किंवा डोळे गेले तेथेंच त्याचा पुरुषार्थ संपला, हें उभयपक्षीं गृहीत धरलें जाई. अंध शिपाई तर विशेषच. ज्याला आश्रय मिळे तो आश्रमांत बसे. ज्याला न मिळे तो छातीवर पदकें लावून रस्त्याच्या कडेला बसे. १९१४ सालीं युरोपांत महायुद्ध पेटलें तेव्हां इंग्लंडमध्यें हीच समजूत प्रचलित होती. खंदकांच्या लढाईंत माणसाचें शरीर जमिनीखालीं आणि डोकें वर असे. त्यामुळें तोफगोळ्यांच्या ठिकऱ्यांनीं डोळे जाण्याचे प्रकार फार होऊं लागले. बहुतेक जवान विशी-पंचविशींतले. आश्रमांत बसून त्यांनीं काढावयाचीं तरी किती वर्षें?

सर आर्थर पिअर्सन हे मूळचे वृत्तपत्रांच्या धंद्यांतले. १८६६ मध्यें त्यांचा जन्म झाला. एका साप्ताहिकानें लावलेल्या स्पर्धेंत पहिलें येऊन त्यांनीं त्याच कचेरींत कारकुनाची जागा मिळविली, आणि पुढें चौतिसाव्या वर्षीं, १९०० सालीं, ‘डेली एक्स्प्रेस’ हें दैनिक काढलें. गरीब मुलांना एक दिवस तरी शहराबाहेर मोकळ्या हवेंत नेण्यासाठीं त्यांनीं १८९२ पासून एक फंड चालविला होता. तेव्हां लोकांचे खिसे कसे सैल करावे ही विद्या त्यांना अवगत होती. पुढें काचबिंदूनें त्यांची दृष्टि जाऊं लागली. १९०८ सालीं केलेल्या शस्त्रक्रियेनेंही ती वांचली नाहीं. वर्तमानपत्रांच्या व्यवसायांतून त्यांनीं हळूहळू अंग काढून घेतलें व अंधांच्या कार्याला वाहून घेतलें. युद्ध सुरू झालें त्या सुमारास ते अंधांच्या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्ष होते.

१९१५ च्या आरंभीं मूठभर अंध सैनिकांना घेऊन लंडनच्या बेझवॉटर भागांतील एका घरांत त्यांनीं काम सुरू केलें. थोड्याच आठवड्यांत तें घर अपुरें पडूं लागलें. तेव्हां ऑटो कान नांवाच्या अमेरिकन पेढीवाल्यानें रीजंट्स पार्कमधील आपली प्रशस्त हवेली व भोंवतालची बाग पिअर्सन यांना वापरण्यास दिली. ह्या हवेलीचें नांव सेंट डन्स्टन्स. नांवाचीही एक कथा आहे. फ्लीट स्ट्रीटवरील सेंट डन्स्टन्स देवळाचें एक जुनें घड्याळ होतें. त्यावर दोन राक्षसी पुतळे घंटेवर टोले मारीत. जुनें देऊळ पाडण्यांत आलें तेव्हां १८३० च्या सुमारास एका उमरावानें तें घड्याळ विकत घेऊन आपल्या ह्या हवेलींत बसविलें, आणि देवळाचें नांव हवेलीला मिळालें. अंध सैनिक तेथें राहत असतां तें घड्याळ तेथेंच होतें. १९३५ मध्यें तें पुन्हां आपल्या मूळ ठिकाणीं गेलें.

हवेलींत पाऊल टाकणाऱ्या पाहुण्याला प्रथम चमत्कारिक वाटे ती तेथील शिस्त. दालनांतून ठराविक दिशेनें जाडसर पट्टे अंथरलेले असत; पायाला पट्टा लागला म्हणजे वाट बरोबर आहे असें समजावें, आणि त्या वाटेंत खुर्ची किंवा टेबल ठेवणें हा गुन्हा मानावा. नव्या माणसाला हात धरून चालविण्याची रीत नव्हती. तो चारदोन वेळां कोठें तरी आपटे, पण आठवड्याभरांत घरभर एकटा हिंडूं लागे. कींव दर्शविणारे शब्द त्याच्यापुढें काढूं नयेत अशी पाहुण्यांना ताकीद असे. ज्याचे डोळे गेले त्याला ‘बिचारा’ म्हणणाऱ्या माणसाचा हेतु वाईट नसतो. परंतु तो शब्द दिवसांतून दहा वेळां ऐकला म्हणजे ऐकणाऱ्यालाही तो खरा वाटूं लागतो, हें पिअर्सन यांनीं आपल्या अनुभवावरून ओळखलें होतें.

याहून मोठी युक्ति शिक्षकांच्या निवडींत होती. शक्य तेथें शिकविणारा मनुष्यही अंधच असावा असा त्यांचा आग्रह असे. डोळस गुरु कितीही कुशल असला तरी शिष्याच्या मनांत एक शंका राहतेच, कीं याला दिसतें म्हणून हें जमतें. अंध सुतारानें करवत हातीं घेऊन फळी सरळ कापली कीं ती शंका तेथल्या तेथें मिटे. शिकविण्याचे तासही थोडे ठेविलेले असत, कारण केवळ कानांनीं आणि बोटांनीं सारें ग्रहण करावयाचें म्हणजे मेंदूवर फार ताण पडतो, हेंही अनुभवानेंच कळलें होतें.

प्रत्येकाला ब्रेल लिपि व टंकलेखन शिकावें लागे. ब्रेल वाचावयाची ती स्वतःसाठीं. टंकलेखन डोळसांना पत्र लिहितां यावें म्हणून. बायकोला लिहावयाचें पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यावें लागूं नये, एवढा साधा उद्देश त्यामागें होता. त्यानंतर ज्याच्या त्याच्या पूर्वायुष्याप्रमाणें व बुद्धीप्रमाणें धंदा. टोपल्या व चटया विणणें, जोडे दुरुस्त करणें, सुतारकाम हे धंदे अंधांच्या शाळांना जुनेच होते. कोंबड्या पाळण्याचें शिक्षण मात्र नवें होतें. पंख, तुरा, पाय यांवरून हात फिरवून कोंबडी कोणत्या जातीची हें ओळखण्यास शिकविलें जाई, आणि खेड्यांतून आलेल्या सैनिकांना तें शिक्षण विशेष रुचे. जे अधिक शिकलेले होते त्यांना टेलिफोनचें काम, ठिपक्यांच्या यंत्रावर लघुलेखन, किंवा मर्दन-चिकित्सा शिकवीत. शेवटची विद्या अंधांना फारच मानवली. स्नायूंची जखम, आखडलेला सांधा यांचा अंदाज बोटांना लागावा लागतो, आणि ह्या लोकांची बोटें तर तयारच झालेलीं असत. डोळस विद्यार्थ्यांच्याच परीक्षा देऊन ते उत्तीर्ण होत व लष्करी इस्पितळांत नेमले जात. अशा रीतीनें एक जखमी शिपाई दुसऱ्या जखमी शिपायाचा पाय चालता करूं लागला.

खेळांनाही तितकेंच महत्त्व असे. सायंकाळीं नृत्य चाले, आणि सकाळीं रीजंट्स पार्कच्या तळ्यांत नौका वल्हविणें. नौकेच्या बाबतींत एक मौज आहे. वल्हीं मारणारा मनुष्य डोळस असला तरी तोंड मागे करूनच बसतो. नौका कोणीकडे न्यावयाची हें सुकाणूपाशीं बसलेला पाहतो. तेव्हां ह्या एका खेळांत अंध आणि डोळस यांची योग्यता जवळजवळ सारखीच. संस्थेंतील नौकांच्या शर्यती लंडनमध्यें प्रेक्षणीय मानल्या जात.

येथवरचें काम दुसऱ्याही एखाद्या उदार गृहस्थाला सुचलें असतें. पिअर्सन यांचें खरें शहाणपण पुढें दिसतें. शिक्षण संपवून अंध माणूस आपल्या गांवीं परतला, कीं तेथें त्याचा धंदा बुडण्याचीं शंभर कारणें असतात. कच्चा माल महाग मिळतो, तयार माल ओळखीपाळखीचे लोक दयेनें एकदां घेतात व पुन्हां घेत नाहींत, हत्यारें बोथट होतात, हात हळूहळू चुकूं लागतो आणि चूक दाखवून देणारें कोणी नसतें. ह्यासाठीं सेंट डन्स्टन्समध्यें एक स्वतंत्र खातें काढण्यांत आलें. तें सैनिकाला घर किंवा लहानसें कारखान्याचें दालन मिळवून देई, कच्चा माल खरेदीच्या भावानें पुरवी, तयार वस्तूंना गिऱ्हाईक पाही, आणि ठराविक दिवसांनीं तपासनीस पाठवून कामाची प्रत राखी. हें काम वर्षा-दोन वर्षांचें नव्हतें. माणूस जिवंत असेपर्यंत संस्थेचा त्याच्याशीं संबंध सुटावयाचा नाहीं अशी ही योजना होती. विषारी वायूनें डोळ्यांना इजा झालेल्या कित्येकांची दृष्टि युद्धानंतर पुष्कळ वर्षांनीं गेली. त्यांनाही संस्थेनें घेतलें. वर्गणी देणारे लोक शाळेच्या इमारतीला, एखाद्या समारंभाला आनंदानें पैसे देतात. वीस वर्षांपूर्वीं शिकून गेलेल्या माणसाची वेताची पट्टी नीट बसते कीं नाहीं हें पाहणाऱ्या तपासनिसाच्या प्रवासखर्चाला देण्याचा उत्साह त्यांना क्वचितच असतो. तो पैसा पिअर्सन यांनीं मिळविला, आणि त्यांच्या मागून आलेल्यांनींही मिळविला.

ह्या कार्याला दुसरी बाजू नव्हती असें मात्र नाहीं. हंसतमुख अंध सैनिकाचें जें चित्र वर्तमानपत्रांतून लोकांसमोर मांडलें गेलें तें देणग्यांना फार उपयोगी पडलें. पण सर्वच माणसें हंसतमुख असूं शकत नव्हतीं. कित्येकांच्या डोक्यांत लोखंडाचे तुकडे होते, कांहींचे डोळ्यांबरोबर दोन्ही हातही गेले होते. त्यांना उमेदीचें पुराण नकोसें होत असल्यास त्यांत नवल कसलें? शिवाय सैनिकांवर वर्षाव होत असलेला पैसा पाहून जन्मांध, देवीनें किंवा कारखान्यांतील अपघातानें डोळे गेलेले सामान्य लोक विचारूं लागले, कीं आमच्या अंधत्वाचें मोल कमी कां? १९२० च्या एप्रिलमध्यें अंध कामगारांच्या संघानें ‘दान नको, न्याय हवा’ अशी घोषणा करून इंग्लंड-वेल्समधील तीन ठिकाणांहून लंडनपर्यंत पायीं मोर्चा काढला. सुमारें पावणेदोनशें अंध माणसें पुढच्याच्या खांद्यावर किंवा दोरीवर हात ठेवून शेंकडों मैल चालत आलीं व राजधानींतील ट्रफल्गार चौकांत जमलीं. त्याच वर्षीं पार्लमेंटानें अंधांसंबंधीं कायदा केला. त्यानें पेन्शनचें वय सत्तरावरून पन्नासावर आणिलें आणि अंधांच्या कल्याणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकिली. सैनिकांसाठीं झालेल्या कामानें अंध काय करूं शकतात हें लोकांच्या डोळ्यांपुढें आणिलें नसतें, तर हा कायदा इतक्या लवकर झाला असता कीं नाहीं याची शंका आहे. पण मोर्चेवाल्यांची तक्रार खोटी होती असेंही म्हणतां येत नाहीं.

९ डिसेंबर १९२१ रोजीं पिअर्सन स्नानगृहांत पाय घसरून पडले. डोक्याला मार लागून त्यांची शुद्ध हरपली आणि टबाच्या पाण्यांतच त्यांचा अंत झाला. अंधानें कोणाच्याही आधारावांचून वावरावें असें आयुष्यभर सांगणाऱ्या पुरुषाच्या वाट्याला असें मरण यावें हा दैवाचा खेळच म्हणावयाचा. त्यांच्या जागीं अध्यक्ष म्हणून संस्थेनें निवडलें तें चोवीस वर्षांच्या इयन फ्रेझर यांना. घड्याळ घेऊन इस्पितळांत आलेल्या आयरीन मेस ह्या बाईंशीं १९१८ मध्येंच त्यांचा विवाह झालेला होता. १९७४ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे त्रेपन्न वर्षें, फ्रेझर त्या पदावर राहिले. ज्यांना मदत झाली त्यांच्यापैकींच एकाच्या हातीं मदत करणारी संस्था गेली, ही त्या काळीं फार मोठी गोष्ट होती.

फ्रेझर यांना नभोवाणीचें विलक्षण वेड होतें. अंध माणसाला घरबसल्या जग ऐकवणारें हें यंत्र त्याच्यासाठींच निर्माण झालें आहे असें त्यांना वाटे. १९२४ सालीं ते पार्लमेंटचे सभासद झाले, आणि त्यांच्या खटपटीनें १९२६ सालीं कायदा होऊन ब्रिटनमधील अंधांना रेडिओचा परवाना विनामूल्य मिळूं लागला. पुढें १९३७ मध्यें ते बी.बी.सी.च्या नियामक मंडळावर गेले. ज्यांचीं बोटें रखरखीत झालीं होतीं किंवा ज्यांना उतारवयांत ब्रेल साधत नव्हती त्यांच्यासाठीं सेंट डन्स्टन्स व अंधांची राष्ट्रीय संस्था यांनीं मिळून ‘बोलक्या पुस्तकांचें’ ग्रंथालय १९३५ सालीं उघडलें. तबकडी सावकाश फिरवून तिच्या एका बाजूवर सुमारें पंचवीस मिनिटांचें वाचन सांठविण्याची युक्ति त्यासाठीं शोधून काढावी लागली. आज हजारों डोळस लोक प्रवासांत कानाला यंत्र लावून कादंबऱ्या ऐकतात. त्या सोयीचें मूळ युद्धांत डोळे गमावलेल्या शिपायांच्या गरजेंत आहे.

हिंदी सैनिकांचें काय झालें? १९१४ ते १९१८ ह्या काळांत दहा लाखांहून अधिक हिंदी लोक समुद्रापार गेले. फ्रान्समध्यें जखमी झालेल्यांना ब्रायटन येथील राजवाड्यांत उघडलेल्या इस्पितळांत ठेवीत. मेसोपोटेमियांत गेलेल्या सहाव्या पुणें डिव्हिजनमध्यें मराठा पलटणी होत्या. कूट येथील वेढ्यांत उपासमार सोसून ती डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ रोजीं तुर्कांच्या हातीं पडली. परत आलेल्या पंगु शिपायांसाठीं मुंबईच्या गव्हर्नराच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनीं १९१७ सालीं मुंबईंत क्वीन मेरीज् टेक्निकल स्कूल काढलें. कल्पना तीच होती, कीं पेन्शनीवर न थांबतां हाताला धंदा द्यावयाचा. पुढें ही शाळा पुण्याजवळ खडकी येथें गेली व ती आजही तेथेंच, जायबंदी सैनिकांना शिक्षण देत, चालू आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ च्या मे महिन्यांत, पुण्यास कृत्रिम अवयवांचें केंद्र स्थापन झालें. तेथें पुढें नागरिकांनाही हातपाय मिळूं लागले. अंध सैनिकांसाठीं वेगळी अशी व्यवस्था मात्र हिंदुस्थानांत दुसऱ्या महायुद्धापर्यंत झाली नाहीं. ती करण्यासाठीं जो मनुष्य आला तोही सेंट डन्स्टन्सचाच विद्यार्थी होता.

क्लूथा मॅकेंझी हे न्यूझीलंडचे. त्यांचे वडील त्या देशाचे पंतप्रधान होते व पुढें लंडनमध्यें हायकमिशनर झाले. १९१५ च्या ऑगस्टमध्यें गॅलिपोलीच्या लढाईंत वयाच्या विसाव्या वर्षीं त्यांचे डोळे गेले. रीजंट्स पार्कमध्यें ब्रेल व टंकलेखन शिकल्यावर त्यांनीं न्यूझीलंडच्या सैन्याचें नियतकालिक चालविलें. मायदेशीं परतल्यावर कांहीं काळ पार्लमेंटमध्यें काढला, आणि नंतर ऑकलंड येथील अंधांच्या संस्थेचे ते पंधरा वर्षें संचालक होते. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत येऊन त्यांनीं १९४३ सालीं देहरादून येथें अंध हिंदी सैनिकांसाठीं सेंट डन्स्टन्सचें वसतिगृह उभें केलें. त्याच वेळीं सरकारनें हिंदुस्थानांतील अंधत्वाची चौकशी करण्याचें कामही त्यांच्याकडे सोंपविलें. १९४४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालांत देशांत वीस लाख अंध असावेत असा अंदाज दिला आहे. एका वसतिगृहांत राहणाऱ्या सैनिकांपासून सुरू झालेली ही विचारपूस वीस लाखांपाशीं येऊन थांबली. आणि इंग्लंडांत १९२० सालीं मोर्चेवाल्यांनीं विचारलेला प्रश्न येथें मोर्चावांचूनच पुढें आला. त्यांतून १९४७ सालीं केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यांत अंधांसाठीं वेगळा विभाग निघाला. १९५० सालीं देहरादूनचें वसतिगृह भारत सरकारनें आपल्याकडे घेतलें, आणि तेथें सैनिकांखेरीज इतर अंध प्रौढांनाही शिक्षण देण्यास प्रारंभ झाला. आजची दृष्टिबाधितांची राष्ट्रीय संस्था ती हीच.

सैनिकांचा प्रश्न यामुळें मिटला नाहीं. स्वतंत्र भारतालाही युद्धें चुकलीं नाहींत. २८ ऑगस्ट १९४९ रोजीं संरक्षणमंत्र्यांच्या समितीनें दर वर्षीं ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळण्याचें ठरविलें. त्या दिवशीं शाळांतून व कचेऱ्यांतून जे लहानसे कागदी ध्वज विकले जातात त्यांचा पैसा केवळ कागदोपत्रीं जमा होत नाहीं. केंद्रीय सैनिक मंडळ ज्या संस्थांना त्या निधींतून साहाय्य करतें त्यांत खडकीची क्वीन मेरीज् संस्था आहे, कमरेखालीं लुळ्या पडलेल्या सैनिकांसाठीं खडकी व मोहाली येथें असलेलीं केंद्रें आहेत, आणि देहरादूनची सेंट डन्स्टन्सची शिक्षणोत्तर देखरेख करणारी संस्थाही आहे. पिअर्सन यांच्या त्या तपासनिसाचा प्रवास अशा रीतीनें अजून चालूच आहे. लंडनच्या मूळ संस्थेनें २०१२ सालीं आपलें जुनें नांव बदललें; देहरादूनला तें टिकून राहिलें.

राहतां राहिली लिपीची गोष्ट. ब्रेलचे ठिपके हिंदुस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आले होते, परंतु प्रत्येक प्रांतांतील मिशनऱ्यांनीं व शिक्षकांनीं आपापल्या सोयीनें ते बसविले. मुंबईच्या शाळांत एक, अन्यत्र दुसरी, अशा दहाएक पद्धति चालू होत्या. एका प्रांतांत छापलेलें पुस्तक दुसऱ्या प्रांतांत निरुपयोगी. युद्धकाळांत सरकारी समितीनें एक सामाईक लिपि सुचविली, पण ती सर्वमान्य झाली नाहीं. १९४९ च्या एप्रिलमध्यें भारत सरकारनें ह्या कामीं युनेस्कोकडे साहाय्य मागितलें. आणि युनेस्कोनें ब्रेलविषयक सल्लागार म्हणून नेमला तो मनुष्य म्हणजे पुन्हां मॅकेंझीच. शिक्षण खात्याच्या अंधविभागांत काम करणारे लाल अडवाणी हे स्वतः दृष्टिहीन होते. त्यांच्यासारख्यांचाही ह्या विचारविनिमयांत वाटा होता. पॅरिस व बैरूत येथें परिषदा होऊन १९५१ सालीं ‘भारती ब्रेल’ निश्चित झाली आणि त्याच वर्षीं देहरादूनला ब्रेलचा मध्यवर्ती छापखाना सुरू झाला. भारती ब्रेलचें तत्त्व सोपें आहे. एका उच्चाराला सर्व भारतीय भाषांत एकच खूण, आणि ती शक्यतों जगांतील इतर भाषांच्या खुणेशीं जुळणारी. मराठी मुलगा ‘क’ वाचतो तेव्हां त्याच्या बोटाखालीं डाव्या रांगेंतील वरचा व खालचा असे दोन ठिपके येतात. बंगाली मुलाला तेच, तामिळ मुलाला तेच. आणि १९१६ सालीं रीजंट्स पार्कमध्यें ब्रेल गिरविणाऱ्या सैनिकांना इंग्रजी ‘के’ अक्षरासाठीं शिकविले जात तेही हेच दोन ठिपके होते.